रिकामं भांडं परत देऊ नये

आमच्या घरमालकांनी एकदा माझा स्टेपलर नेला. दोन-तीन दिवसांनी परत आणून दिला तेव्हा त्याच्या जबड्यात एक हिरवी मिरची धरलेली होती. मी विचारलं, "सर, हे काय?" तर म्हणाले, "रिकामा कसा द्यायचा बाई?" आणि जिना चढून वर गेले. मला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. पण पुढच्याच आठवड्यात त्यांनी शेजाऱ्यांची शिडी परत केली, ती वरच्या पायरीला झेंडूची फुलं बांधून. शेजाऱ्यानं फुलं सोडून घेतली, शिडी खांद्यावर टाकली आणि मुकाट्यानं चालता झाला. तेव्हा कळलं की हे प्रकरण जुनं आहे आणि गल्लीला त्याची सवय आहे.

मी लोहाऱ्याच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला आले आणि त्यांच्या खालच्या दोन खोल्यांत राहिले. ते चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. तहसीलच्या शिपायापासून जीपवाल्यापर्यंत सगळे त्यांचे विद्यार्थी, त्यामुळे गावात नुसतं 'सर' म्हटलं की ते. उंच, किडकिडीत, खिशात पेनाच्या जागी ब्रश. तालुक्यातल्या कितीतरी शाळांच्या भिंती त्यांनी रंगवलेल्या, पण सही एकीवरही नाही. मी म्हटलं, निदान कोपऱ्यात तरी करायची. म्हणाले, "भिंत शाळेची. आपण रंग लावून परत दिली, झालं."

वस्तू रिकामी परत द्यायची नाही, हा मुळात चाचींचा कायदा. चाची म्हणजे सरांची बायको. दिवाळीला माझं फराळाचं ताट वर गेलं की ते शेवया घेऊन खाली यायचं. ईदेला शीरखुर्म्याचा डबा आला की मी त्यात काही नाही तर साखरेची चिमूट तरी घालून पाठवायची. आपल्याकडं कोणतंही घर हे करतं, त्यात नवल नाही. सरांनी मात्र तो कायदा भांड्यांपुरता ठेवला नाही. वर्तमानपत्र परत आलं की त्यात पेरू. छत्री परत आली की आत कढीपत्त्याची डहाळी. एकदा माझा सायकलचा पंप नेला, तो तसाच आणून दिला. मी मुद्दाम आत डोकावून बघितलं, तर म्हणाले, "त्यात हवा असतीच की."

दुसरं वेड आवाजांचं. मोबाइल हातात आल्यापासून सर चित्रं कमी काढू लागले आणि आवाज जास्त गोळा करू लागले. पिठाच्या गिरणीचा पट्टा, कल्हईवाल्याचा भाता, नळदुर्गकडं निघालेल्या एसटीचा दुसरा गिअर. रस्त्यात मध्येच थांबून मोबाइल पुढं धरून उभे राहायचे, आणि मागून येणारे जीपवाले हॉर्न न वाजवता थांबायचे, सरांचा आवाज बिघडायला नको म्हणून. चाचींना हे मुळीच पटायचं नाही. "लोगां पैसे जमा करते, हमारे मास्तर आवाजां जमा करते," असं त्या सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायच्या. स्वतःचा आवाज त्यांनी कधी भरू दिला नाही. "मैं बोलती तब सुनते नहीं, फोन में क्या सुनते?" म्हणायच्या. सर मोबाइल खिशात घालायचे.

एकदाच त्यांना तो मिळाला, आणि मी साक्षीला होते. परसात चाचींनी मेथी लावली होती. शेजारची एक शेळी रोज कुंपणातून तोंड घालायची. त्या दिवशी ती सगळीच आत आली. चाची हातातलं लाटणं घेऊन धावल्या आणि जो आवाज लावला, तो मी खिडकीत उभी राहून ऐकला. "अगे ओ! फिर आयी क्या गे? निकल! निकल बोली ना मैं! मेथी तेरे बाप की है क्या?" आणि मग मागं वळून, तितक्याच जोरात, "और तुम क्या देखते खडे? हकालो उसकू!" कारण सर दारात मोबाइल धरून उभे होते. ते हलले नाहीत. शेळीनं मेथी खाल्ली.

सरांच्या घरचं वायफाय सगळ्यांना मोकळं होतं, त्याचं नाव त्यांनी 'या बसा' असं ठेवलं होतं. संध्याकाळी ओट्यावर कॉलेजची पोरं ओळीनं मोबाइलमध्ये मान घालून बसायची. उठताना प्रत्येकानं एक आवाज देऊन जायचा, एवढीच अट. कुणी शिट्टी द्यायचं, कुणी ढेकर. सर ढेकरही ठेवून घ्यायचे.

एका थंडीत चाची गेल्या. सकाळी चुलीवर चहा ठेवला, पाटावर बसल्या आणि गेल्या. त्यांच्यामागं सरांनी बाहेर पडणं सोडलं. 'या बसा' चालू होतं, पण ओट्यावर कुणी बसेना, कारण वरून दिवसभर एकच आवाज यायचा. "अगे ओ! फिर आयी क्या गे?" मी शाळेला जाताना ती शेळी हाकलली जात असायची, परत येताना हाकलली जात असायची. पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. मग भीती वाटायला लागली. माणूस जेवत होता की नाही, तेही कळत नव्हतं. मी डबा वर ठेवायची, तो परत यायचा तेव्हा त्यात नुसती साखरेची चिमूट असायची.

त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी एक जण पुण्याला कसलं कसलं संगणकाचं काम करायचा. तो येऊन सरांना जवळजवळ उचलूनच घेऊन गेला. तिकडं नवमाध्यम कलेचं, म्हणजे कॉम्प्युटर वापरून करायच्या कलेचं, शिबिर होतं. विशीतली पोरं आणि त्यांच्यात आमचे सर. परत आले ते तरतरीत होऊन. पिशवीतून तळहाताएवढा कॉम्प्युटर काढून माझ्यापुढं धरला आणि म्हणाले, "बाई, तिकडं ही मंडळी डिजिटल कॉमन्स, डिजिटल कॉमन्स करत होती. एकाचं न्हाय, सगळ्यांचं, असं कायतरी इंटरनेटवर पाहिजे म्हणत होती. म्या म्हणलं, आमच्याकडं गावची भांडी असतात तसं का? तर त्यांना गावची भांडी ठावं न्हाईत."

गावची भांडी म्हणजे लग्नाकार्याला लागणारी मोठी भांडी, सगळ्या गावानं मिळून घेतलेली. सरांचं मूळ गाव लोहाऱ्याहून जीपनं जवळच. तिथं ती समाजमंदिरात असतात. कार्य असेल त्यानं न्यायची, उरकलं की घासूनपुसून आणि पोचा आला असेल तर काढून आणून ठेवायची, आणि मूठभर का होईना धान्य घालून ठेवायची. त्यातलं एक तांब्याचं भलंमोठं भगुणं बुडाला भोक पडून कोपऱ्यात पडलं होतं. सरांनी ते मागून घेतलं. आत विटेवर तो छोटा कॉम्प्युटर ठेवला, एक स्पीकर ठेवला, वर जाळीचं झाकण घातलं, आणि समाजमंदिराच्या मधोमध मांडलं.

भगुण्याजवळ गेलं की मोबाइलवर वायफायच्या यादीत 'गावचं भगुणं' असं नाव यायचं. त्याला इंटरनेट नव्हतं. त्यात नुसते आवाज होते. मागच्या पांढऱ्या भिंतीवर प्रोजेक्टरनं एक ढीग दिसायचा, ज्वारीच्या राशीसारखा, आणि त्यातला एकेक दाणा म्हणजे एकेक आवाज. मोबाइलवरही तोच ढीग यायचा, त्यातल्या दाण्याला बोट लावलं की तो आवाज भगुण्यातून घुमून यायचा. आवडला तर आपल्या मोबाइलवर घेऊन जायचा. पण त्याआधी आपला एक आवाज आत टाकावा लागायचा. तो टाकला की भिंतीवर वरून एक दाणा पडायचा आणि ढिगात मिसळायचा. ते बघताना मला, मी विज्ञानाची बाई असून, फार बरं वाटायचं.

पहिला दाणा सरांनी टाकला. शेळीचा. आणि टाकल्यावर माझ्यादेखत स्वतःच्या मोबाइलवरून तो पुसून टाकला. मी ओरडलेच. "सर, अहो दुसऱ्याला देऊनही आपल्याकडं राहतं, हीच तर या यंत्राची सोय आहे! एक प्रत ठेवा की."

"भांड्याची झेरॉक्स असती का बाई?" असं म्हणून ते हसले. मग खरं बोलले. "घरी असला की म्या घरातच बसतो. तुम्ही बघितलंय. इथं असला की जीप धरून यावं लागंल, चार माणसांत बसावं लागंल. तिला बी तेच पाहिजे असंल."

सर रोज गावाला जायला लागले. जाऊन भगुण्यापाशी बसायचे, चार जणांचे आवाज ऐकायचे, मग एकदा आपला. एकदाच. जेवायलाही लागले.

लोकांनी त्या भगुण्यात काय काय टाकलं! मोटार सुरू होतानाचा आवाज, रवंथ करणारी म्हैस, कुकरची शिट्टी, अजान, हरिपाठ, सातचा पाढा, कुणाच्या तरी आजोबांचा खोकला. एका पोरीनं नुसती शांतता टाकली होती, परीक्षेच्या हॉलमधली. एका गृहस्थांनी सुप्रभाताचा संदेश टाकला, तोही सरांनी राहू दिला. कुणी कुठला आवाज नेला, याची मात्र नोंद नव्हती. ती सोय त्यांनी मुद्दामच काढून टाकली होती. "हौदावर कोण किती पाणी नेतं, ते बघत बसतो का आपण?" म्हणायचे. माझ्या मनात यायचं, चाचींचा आवाज कुणी नेला असेल का? पण शेळी हाकलणं घरी नेऊन कोण काय करणार, असं वाटून मी तो विचार सोडून द्यायची.

मग पुण्याहून तीन तरुण मंडळी ते भगुणं बघायला यायची ठरली. गावानं मनावर घेतलं. समाजमंदिर सारवलं, दाराला आंब्याचं डहाळं बांधलं. पाहुणे आले, चहा झाला, आणि एक म्हातारी आजीबाई उठून भगुण्याजवळ गेल्या. जाळीतून आत बघितलं आणि म्हणाल्या, "अगं बया, पाव्हणं आल्यात आन् भांडं रिकामंच की!" त्यांनी पदराची गाठ सोडून मूठभर ज्वारी जाळीतून आत टाकली. त्यांचं बघून दुसरीनं टाकली. मग बायका घरी पळाल्या आणि सुपं घेऊन आल्या. पुरुषही मागं राहिले नाहीत. मी सरांकडं बघितलं. सर अडवतील असं वाटलं, पण ते हात जोडून उभे होते आणि त्यांचा चेहरा लग्नातल्या वधूपित्यासारखा झाला होता. पाहुणे भराभर फोटो काढत होते. भगुणं काठोकाठ भरलं.

यंत्राला हवा लागते. तापलं की ती गरम हवा बाहेर पडायला वाट लागते. हे मी मुलांना सातवीपासून शिकवते. त्या दिवशी मला ते आठवलं, तेव्हा समाजमंदिरात भाजल्या ज्वारीचा खमंग वास सुटला होता. लाह्या फुटल्या असं सांगणारेही गावात भेटतात. तेवढं काही झालं नव्हतं. पण भिंतीवरचा ढीग एकदम नाहीसा झाला आणि स्पीकर गप्प झाला. मी वायर ओढून काढली, दोघातिघांनी ज्वारी उपसली. खाली कॉम्प्युटर काळा पडलेला होता आणि सगळे आवाज साठवलेलं त्यातलं कार्ड वाकून चिकटलं होतं.

कुणी कुणाला बोललं नाही. बोलणार कुणाला? प्रत्येकाची मूठच होती. पाहुण्यांतली एक मुलगी हळूच सरांना म्हणाली, "सर, हे असंच ज्वारीसकट आम्हाला द्या ना, प्रदर्शनात ठेवू. हे जास्तच काहीतरी सांगतंय." सर म्हणाले, "यंत्र न्या. ज्वारी गावाची हाय." त्या ज्वारीच्या कण्या शिजवल्या आणि पाहुण्यांसकट सगळ्यांनी ताकाबरोबर खाल्ल्या. परतीच्या जीपमध्ये सर माझ्या शेजारी होते. उतरताना म्हणाले, "भांडं भरून आलं की बाई." आणि मला रडू फुटलं. कार्ड तेवढं मी यंत्रातून सोडवून ठेवलं होतं, ते सोलापूरला दाखवून आणलं, त्यात काही उरलं नव्हतं.

पुण्याच्या पोरांनी नवं यंत्र पाठवलं. सरांनी गावात निरोप फिरवला, ज्यानं भगुण्यातून जे नेलं असेल ते आणून द्यावं. आणि लोक आले! रोज संध्याकाळी दोघे-चौघे मोबाइल घेऊन यायचे, भिंतीवर दाणे पडायचे. म्हैस आली, कुकर आला, सातचा पाढा तिघांकडून आला. आजोबांचा खोकला त्यांच्या सुनेनं आणला. शेळीचा आवाज काही आला नाही. सर कुणाला नाव घेऊन विचारायचे नाहीत. "माझं म्हणून मागितलं तर ते सगळ्यांचं कुठं राहिलं?" म्हणायचे. म्हणून मीच विचारत फिरले. लोक हसायचे, म्हणायचे, "व्हय व्हय, चाचींचा! लई भारी होता." पण नेला होता, असं कुणी म्हणेना. हळूहळू येणारे थांबले. सर गावाला जायचे तेही कमी झालं. मी वर डबा ठेवायची आणि तो परत यायचा तेव्हा त्यात पुन्हा साखरेची चिमूट असायची.

ज्वारी हुरड्यात आली तेव्हा आमच्या शाळेतल्या एका बाईंनी आम्हाला हुरड्याला बोलावलं. त्यांचं शेत सरांच्याच गावच्या शिवारात. जीपमधून उतरून आम्ही पाणंदीनं चाललो होतो. बोलणं चालू होतं. आणि ओढ्याच्या पलीकडून, मोकळ्या रानातून, भोंग्यावरून आवाज आला.

"अगे ओ! फिर आयी क्या गे? निकल!"

मी जागच्या जागी उभी राहिले. बरोबरच्या बायकांना वाटलं, साप दिसला. ज्वारीवरून पाखरांचा थवा उठला आणि लांब गेला. मी ओढा उतरून तशीच पलीकडं गेले. वस्तीवर एक शेतकरी बसला होता. बॅटरीला भोंगा जोडलेला, त्याला मोबाइल.

"दादा, हा आवाज..."

"भगुण्यातला हाय बाई. लई गुणाचा. आमची पोरं हा-हू करून दमली, पाखरं काय दाद देईनात. हिनं एकदा हाळी दिली की शिवार मोकळं. रातीला डुकरं सुदीक येत न्हाईत."

"अहो, मग निरोप नाही का मिळाला? आणून द्यायचा होता ना!"

तो जरा दुखावला. म्हणाला, "मिळाला की. पर कार्य उरकायच्या आत कुणी भांडी परत देतं व्हय? काढणी झाली की देणारच हुतो. म्या फुकट न्हाय नेला, हिरीत धोंडा पडल्याचा आवाज टाकून नेलाय."

आवाज चालू ठेवूनही आणून देता येतो, हे त्याला सांगायला मी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. सरांना फोन लावला. "सर, मिळेल ती जीप धरून या. काही विचारू नका."

सर आले तेव्हा ऊन कललं होतं. मी पाणंदीवर त्यांना घ्यायला गेले आणि ओढ्यापर्यंत काहीच सांगितलं नाही. बांधावर आणून उभं केलं. त्या वेळी भोंगा गप्प होता आणि पाखरं पुन्हा कणसांवर उतरली होती. सर म्हणाले, "काय बाई, हुरडा का?" आणि चाची बोलल्या.

सर बांधावर नीट, ताठ उभे राहिले. शाळेत प्रार्थनेला उभे राहायचे तसे. ओठ हलत होते, शब्द न् शब्द पाठ होता त्यांचा. निकल. निकल बोली ना मैं. शेतकरी उठून जवळ आला. तो आवाज सरांच्या कोणाचा आहे, हे आता त्याच्या लक्षात आलं होतं. दबकत म्हणाला, "सर, पायजे तर आत्ताच काढून देतो. ऱ्हावू द्या माझी ज्वारी."

"न्हाय न्हाय," सर म्हणाले, "तुमची काढणी होऊ द्या. चालू भांडं मागत न्हाईत." आणि त्यांनी खिसे चाचपायला सुरुवात केली. मला कळलं, ते काय शोधताहेत. या माणसाच्या शेतावरून ते एवढं घेऊन चालले होते आणि द्यायला त्यांच्याकडं काही नव्हतं. खिशात ब्रश होता, तो काढून पुन्हा ठेवला.

भोंगा तेवढ्यात शेवटावर आला. तो भाग शेतकऱ्यानं कापला नव्हता.

"और तुम क्या देखते खडे? हकालो उसकू!"

सरांनी माझ्याकडं बघितलं. मग पायातल्या चपला बांधावर काढल्या, दोन्ही हात वर केले आणि "हाऽऽ! हाऽऽ हुर्र!" करत ज्वारीत घुसले. त्यांचा एवढा मोठा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. कणसांवर हात उडताना दिसत होते, कधी इकडं, कधी तिकडं. शेतकरी माझ्याकडं बघून हळूच म्हणाला, "बाई, सरांना सांगा की. पाखरं कवाच गेली."

पाखरं गेलीच होती. मी सांगितलं नाही, आणि सर हाकलत राहिले.